समुद्री शैवालावरचे चिमुकले कवचधारी : वर्षभराचा ऋतुबदल मोजण्याची पद्धत

ओहोटीच्या वेळी खडकावरच्या शैवालाचा मूठभर गुच्छ कापून पांढऱ्या तबकातल्या समुद्राच्या पाण्यात हलवला, तर पहिली काही सेकंदे नुसता गाळ खाली बसताना दिसतो. मग त्या गाळातला एखादा कण कुशीवर पडून गोल गोल घसरू लागतो, दुसरा चपटा दाणा पात्याला घट्ट धरून सरकतो, आणि शैवालाची काडी समजून दुर्लक्ष केलेले काहीतरी मध्येच वाकून पुन्हा ताठ उभे राहते. कुशीवर घसरणारा तो ॲम्फिपॉड, सरकणारा आयसोपॉड आणि वाकून ताठ होणारी कॅप्रेला. या तिघांच्या जोडीला नळीसारख्या अंगाचे टॅनेड, दोन शिंपल्यांत मिटणारे ऑस्ट्राकॉड आणि अगदी बारीक हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड धरले, की शैवालावरची बहुतेक कवचधारी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटातल्या चिमुकल्या प्राण्यांची वस्ती डोळ्यांसमोर येते. या वस्तीत ऋतूनुसार काय बदलते, हे एक वर्षभर शिस्तीने कसे मोजावे, याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे.

असा अभ्यास प्रथमच करणारे बरेच जण वर्षाअखेरीस ‘अमुक महिन्यात प्राणी सर्वाधिक आढळले’ असे लिहून थांबतात. हे विधान खोटे नसते, पण ते अर्धेच असते. येथे एकाच वेळी दोन पंचांगे चालू असतात. एक शैवालाचे असते आणि त्यात वाढणे, प्रजननाला येणे व झडणे या नोंदी असतात. दुसरे प्राण्यांचे असते आणि त्यात विणे, वाढणे, दुसरीकडे जाणे व माशांच्या पोटात जाणे या नोंदी असतात. घर लहान झाल्यामुळे दाटी वाढली की वस्तीच वाढली, हे एकट्या संख्येवरून कळत नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी ही दोन पंचांगे शेवटी वेगळी वाचता यावीत, अशाच बेताने आखली आहे.

कोणाला मोजायचे आणि कोणत्या चाळणीने

अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांच्या चाळणीवर मोठे ॲम्फिपॉड, आयसोपॉड, टॅनेड आणि क्युमेशियन (स्वल्पविरामाच्या आकाराचे कवचधारी) अडकतात. त्याखाली ६३ मायक्रोमीटरची चाळणी ठेवली, तर हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड आणि बहुतेक ऑस्ट्राकॉड तिच्यावर सापडतात. दोन्ही थर मोजण्याइतका वेळ नसेल, तर फक्त मोठ्या प्राण्यांचा अभ्यास करावा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर विसंबण्यात एक फसगत आहे. नुकतेच बाहेर पडलेले ॲम्फिपॉडचे पिल्लू लांबीने सुमारे एक मिलिमीटर भरले, तरी अंगाने बारीक असते आणि त्या छिद्रातून आडवेतिडवे होऊन निसटते. परिणामी पिल्लांची लाट प्रत्यक्ष आल्यानंतर काही दिवसांनी, म्हणजे ती पिल्ले थोडी वाढल्यावर, नोंदीत दिसू लागते. ऋतूचाच अभ्यास असताना ही उशिराची नोंद परवडणारी नसते, म्हणून मोठ्या प्राण्यांसाठीही खाली निदान २५० मायक्रोमीटरची एक चाळणी लावावी.

ॲम्फिपॉड, आयसोपॉड, टॅनेड आणि क्युमेशियन यांच्या माद्या अंडी छातीखालच्या पिशवीत वागवतात आणि पिल्ले जवळजवळ आईबापांच्याच रूपात बाहेर पडतात. पाण्यात तरंगत दूर जाणारी अळीची अवस्था त्यांच्यात नसते. त्यामुळे एखाद्या गुच्छावर संख्या वाढली, तर ती बहुधा तेथल्या किंवा शेजारच्या माद्यांच्या वीणीमुळे, नाही तर रात्री पोहत आलेल्या आणि तुटलेल्या शैवालासोबत वाहत आलेल्या प्राण्यांमुळे वाढलेली असते. शोधाची दिशा अशी मर्यादित असणे ही या गटाची मोठी सोय आहे.

शैवाल आणि जागा

निदान दोन प्रकारची शैवाले घ्यावीत: एक वर्षभर टिकणारे आणि एक ऋतूबरोबर उभारणारे व झडणारे. सरगॅसमच्या अनेक जाती दुसऱ्या प्रकारात येतात. त्या काही महिने भरघोस वाढतात, प्रजननानंतर फांद्या टाकतात आणि खडकावर होल्डफास्ट (खडकाला धरून ठेवणारा मुळासारखा भाग) व खोडाचा बुडखा एवढेच ठेवतात. कोरॅलाइना किंवा जॅनिया यांसारख्या चुनखडीयुक्त शैवालांची दाट गादी तुलनेने वर्षभर टिकते, पण तिच्यात वाळू भरपूर अडकते. उल्वाचे सपाट पाते ओळखायला आणि धुवायला सोपे असते; आडोसा मात्र त्यात कमी असल्याने प्राण्यांची विविधताही बहुधा कमी मिळते. शैवालाची निवड केल्यावर ती वर्षभर बदलू नये. एखाद्या महिन्यात ठरलेले शैवाल सापडलेच नाही, तर त्या रकान्यात शून्य जैवभार लिहावा. शेजारचे दुसरे शैवाल उचलून ‘तेवढ्यापुरते’ चालवून नेऊ नये.

एकाच खडकावरून दहा नमुने घेतले, तरी ते त्या एका खडकाबद्दलच बोलतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला खोट्या पुनरावृत्तीचे नाव दिले आणि तेव्हापासून परीक्षक पहिले बोट तिच्यावरच ठेवतात. म्हणून एकमेकांपासून काही दशक मीटर दूर असलेल्या, साधारण सारख्याच उंचीच्या आणि लाटांचा सारखाच मारा सोसणाऱ्या किमान तीन जागा निवडाव्यात आणि प्रत्येक जागी स्वतंत्र नमुने घ्यावेत. किनारा संरक्षित असेल, तर परवानगी आधी घ्यावी. वर्षभरात आपण किती शैवाल कापणार आहोत याचा हिशेब त्या अर्जातच मांडला, तर कापणीमुळे वस्तीवर आपलाच परिणाम होत नाही ना, हेही आपसूक तपासले जाते.

वेळापत्रक

उधाणाच्या ओहोटीला शैवाल हाताशी येते आणि उधाण साधारण पावणेपंधरा दिवसांनी येत असते, त्यामुळे भेटींचे अंतर निसर्गानेच ठरवून दिले आहे. दर उधाणाला जाणे जमले, तर तेच करावे. कोमट पाण्यात ॲम्फिपॉडच्या अंड्यांपासून पिल्ले बाहेर पडायला एक-दोन आठवडे पुरतात, त्यामुळे महिन्यातून एकदा जाणाऱ्याच्या हातून वीणीची एखादी लाट सबंध निसटू शकते. थंड पाण्यात हाच काळ महिन्याच्या पलीकडे जातो आणि तेथे मासिक भेट पुरेशी असते. एकाआड एक उधाण धरल्यास भेटींमधले अंतर २९.५ दिवसांचे होते, म्हणून १२ फेऱ्यांत ३५४ दिवसच भरतात. वर्ष पूर्ण होण्यासाठी तेरावी फेरी करावी. ही तेरावी फेरी पहिल्या फेरीशी ताडून पाहता येते आणि एक वर्ष दुसऱ्यासारखे असते की नाही, याची पहिली चाहूल तीच देते.

दिवसाची वेळ हा येथे किरकोळ तपशील नाही. अनेक ॲम्फिपॉड अंधार पडल्यावर शैवाल सोडून पाण्यात पोहू लागतात, त्यामुळे सकाळचा आणि रात्रीचा नमुना एकाच ओळीत बसत नाही. शिवाय अनेक किनाऱ्यांवर वर्षाच्या काही भागात सर्वांत खालची ओहोटी दिवसा येते आणि उरलेल्या भागात रात्री. म्हणजे तेच शैवाल काही महिने भर उन्हात सुकते आणि काही महिने उघडे पडले तरी गारच राहते. तापमानाच्या मासिक सरासरीत हा फरक कोठेच दिसत नाही. तो पकडण्यासाठी शैवालाच्या बुडाशी छोटे तापमान-नोंदयंत्र बांधून दर अर्ध्या तासाची नोंद ठेवावी आणि भरतीच्या तक्त्यावरून प्रत्येक महिन्यात शैवाल दिवसा किती तास उघडे होते, हे काढावे. क्षारता प्रत्येक भेटीत अपवर्तनमापकाने मोजावी. लाटांच्या जोरासाठी सारख्या वजनाच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वड्या ठरावीक तास पाण्यात बांधून त्यांची झीज तोलणे हा जुना आणि स्वस्त उपाय आजही कामाचा आहे. मात्र ही झीज तापमानावरही अवलंबून असते, म्हणून स्थिर पाण्यात ठेवलेली एक वडी तुलनेसाठी हवीच.

नमुना कापणे

शक्य तोवर शैवाल पाण्यात बुडालेले असतानाच नमुना घ्यावा. आधी पिशवी, मग कात्री, हा क्रम कधीही उलटू नये. बारीक जाळीची किंवा जाड प्लास्टिकची पिशवी वरून अलगद गुच्छावर उतरवावी, तोंड खोडाभोवती मुठीत आवळावे आणि मुठीच्या खाली कात्री चालवावी. गुच्छ आधी कापून मग पिशवीत टाकला, तर जो अर्धा-पाऊण सेकंद तो उघडा राहतो, तेवढ्यात चपळ पोहणारे ॲम्फिपॉड आणि मायसिड (कोळंबीसारखे दिसणारे बारीक कवचधारी) निघून जातात, तर घट्ट धरून बसणाऱ्या कॅप्रेला मागे राहतात. नमुना त्यामुळे फक्त लहान होत नाही, एका बाजूला झुकतो. शैवाल ओहोटीत उघडे पडलेले असेल, तर प्राणी ओलाव्याच्या शोधात बुडाकडे उतरलेले असतात, म्हणून अशा वेळी वरची टोके कापणे म्हणजे रिकामे घर मोजणे होय. होल्डफास्टमधली वस्ती फांद्यांवरच्या वस्तीहून वेगळी असते. ती घ्यायची की सोडायची, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. सोडली, तर शैवालाला पुन्हा फुटायला जागाही राहते.

किती नमुने घ्यावेत, याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. पहिल्या भेटीत एकाच जागी दहा गुच्छ घेऊन ते मोजावेत. समजा, गुच्छामागे सरासरी ८० प्राणी निघाले आणि प्रमाण विचलन ४८ आले. विचलनाचे सरासरीशी गुणोत्तर ०.६ होते. सरासरीची प्रमाण त्रुटी सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवायची असेल, तर ०.६ ला ०.२ ने भागून येणाऱ्या ३ चा वर्ग करावा. म्हणजे ९ नमुने लागतात. हे प्राणी पुंजक्यांनी राहतात, त्यामुळे हा आकडा पुष्कळदा मनाजोगता येत नाही. अशा वेळी फार मोठे थोडे गुच्छ घेण्यापेक्षा लहान पण अधिक गुच्छ घेणे मला नेहमीच फायद्याचे वाटले आहे.

त्याच भेटीत एक काम आणखी करावे, जे थकव्यामुळे हमखास टाळले जाते: २५ सेंटिमीटर बाजूच्या चौकटी टाकून त्यांतले ठरलेले शैवाल किती आहे, ते प्रत्येक जागी मोजावे. प्रत्येक वेळी खरडण्याची गरज नाही. झाकलेल्या क्षेत्राची टक्केवारी आणि गुच्छांची उंची नोंदवून, थोड्या चौकटी प्रत्यक्ष तोलून त्यांचे नाते बांधता येते. पुढे दाखवल्याप्रमाणे हा आकडा नसेल, तर बाकीची सगळी मेहनत लंगडी पडते.

घसरड्या खडकावर एकट्याने जाऊ नये आणि पाणी वळण्याच्या वेळेआधी अर्धा तास काम थांबवावे.

धुणे, चाळणे, जतन करणे

पिशवीतले सर्वकाही बादलीत ओतून गुच्छ गोड्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवावा. क्षारता अचानक बदलल्याने प्राण्यांची पकड सुटते. मग गुच्छ जोरात हलवून काढावा, पाणी चाळण्यांच्या उतरंडीतून ओतावे आणि हेच आणखी दोन वेळा करावे. काही तपकिरी शैवाले गोड्या पाण्यात बुळबुळीत स्राव सोडतात आणि चाळणी चोंदते; तेथे गोड्या पाण्याचा वेळ कमी करून हलवण्याच्या खेपा वाढवाव्यात. डेस्मारेस्टियाच्या पेशींत तर चक्क सल्फ्युरिक आम्ल असते, म्हणून ते इतर नमुन्यांसोबत एका बादलीत कधीच ठेवू नये.

तीन वेळा धुतले म्हणजे सगळे निघाले, असे मानणे धोक्याचे आहे. पोर्सेलिडियम नावाचा चपटा हार्पॅक्टिकॉइड पात्याला ढालीसारखा चिकटून बसतो. ॲम्पिथोई या प्रजातीतले ॲम्फिपॉड पायांतल्या ग्रंथींच्या धाग्याने पात्याची कड दुमडून नळी विणतात आणि त्या नळीत मेले तरी बाहेर येत नाहीत. म्हणून दर दहा गुच्छांमागे एक गुच्छ धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पातेन् पाते तपासावा. पाच टक्क्यांहून अधिक प्राणी मागे राहत असतील, तर चौथी धुलाई करावी आणि नळ्या चिमट्याने उघडाव्यात. ही तपासणी वर्षातून एकदा करून भागत नाही, कारण शैवाल जून होऊन त्यावर इतर शैवाले माजली, की धुण्याची कार्यक्षमता घसरते आणि ती घसरण ऋतुबदलाचा आव आणते.

चाळणीवर पाणी मारताना लहान ऑस्ट्राकॉड आणि ॲम्फिपॉड हवा लागून पृष्ठभागावर तरंगू लागतात आणि काठाला चिकटतात. अल्कोहोलचे एक-दोन थेंब टाकले, की ते बुडतात. उलट, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी ओतण्याची पद्धत ऑस्ट्राकॉडच्या बाबतीत उपयोगी नाही. धक्का लागताच ते शिंपले मिटून वाळूबरोबर तळाशी जातात, म्हणून तळाची वाळूही पाहावी लागते.

आकारावरून ओळख पटवायची असेल, तर बाजारी फॉर्मॅलिनचा एक भाग समुद्राच्या नऊ भाग पाण्यात मिसळावा; हे द्रावण साधारण चार टक्के फॉर्माल्डिहाइडचे होते. त्यात बोरॅक्स घालून आम्लता मारावी, नाही तर ऑस्ट्राकॉडचे शिंपले आणि चुनखडीयुक्त शैवाल हळूहळू विरघळते. काही दिवसांनी नमुने धुवून ७० टक्के इथेनॉलमध्ये घ्यावेत. डीएनएसाठी ठेवायचे प्राणी फॉर्मॅलिनला लावूच नयेत. ते थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये, थंड जागी ठेवावेत. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, म्हणून हातमोजे आणि मोकळी हवा यांत सूट नाही. रोझ बेंगॉल हा रंग थोडा घातला, तर प्राणी गुलाबी होऊन पाल्यातून उठून दिसतात आणि वेचण्याचा वेळ बराच वाचतो.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड ट्रेसिंग कागदावर, पेन्सिलने लिहिलेली असावी. बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या अल्कोहोलमध्ये कोऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. नमुने उत्तम टिकले होते, फक्त ते कोणत्या महिन्याचे होते, हे जगात कोणालाच माहीत नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली

पहिली छाननी गटांची असते. अंग दोन्ही बाजूंनी दाबलेले आणि शेपटाकडे तीन जोड्या काड्या असतील, तर तो ॲम्फिपॉड. वरून दाबलेले आणि मागे एकच जोडी असेल, तर बहुधा आयसोपॉड. नळीसारखे अंग आणि पुढे ठळक चिमटे असतील, तर टॅनेड. फुगीर पुढचा भाग आणि बारीक शेपूट मिळून स्वल्पविरामाचा आकार दिसला, तर क्युमेशियन. पोट जवळजवळ नाहीसे झालेली, काडीसारखी असेल, ती कॅप्रेला; तीही ॲम्फिपॉडच आहे. मादी कॅप्रेलाची पिशवी छातीच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडाखाली फुगलेली दिसते आणि अनेक जातींत नर तिच्याहून लांब असतो, त्यामुळे या दोघांना दोन जाती समजण्याची चूक नवख्यांकडून होते.

दुसरी चूक आयसोपॉडच्या बाबतीत होते. हे प्राणी कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग आणि मग पुढचा. वाढीच्या महिन्यांत नमुन्यात अशा अर्ध्या काती पुष्कळ येतात. प्रकाश आरपार जाणारी, आत मांस नसलेली कात प्राणी म्हणून मोजली, तर संख्या फुगते आणि ती नेमकी वाढीच्याच ऋतूत फुगते. तुटलेल्या प्राण्यांचे फक्त डोके असलेले तुकडे मोजावेत, हा नियम एकदा ठरवून पाळावा.

प्राणी हजारोंनी असतील, तर नमुना समान भागांत विभागून एक भाग मोजावा. आठव्या भागात २१० कोपेपॉड मिळाले, तर पूर्ण नमुन्याचा अंदाज १,६८० येतो, आणि मोजणीची नैसर्गिक त्रुटी २१० च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे साधारण १४.५, अर्थात सात टक्के असते. दोनशे-तीनशे प्राणी मोजून झाल्यावर पुढच्या कष्टांतून अचूकता फारशी वाढत नाही. मोठ्या व विरळ जाती मात्र विभागणीआधी पूर्ण नमुन्यातून वेचून घ्याव्यात.

जातीपर्यंत ओळख पटत नसेल, तर जबरदस्तीने नाव चिकटवू नये. ‘ॲम्पिथोई, जात १’ असे लिहून त्याचे चित्र आणि दोन-चार प्राणी वेगळ्या कुपीत राखावेत. अशा कुप्यांचा संच वर्षभर टेबलावर हवा. पहिल्या महिन्यातली ‘जात १’ आणि दहाव्या महिन्यातली ‘जात १’ एकच आहे, याची खात्री फक्त तोच देतो.

भाजक कोणता?

या अभ्यासाचा कस येथे लागतो. धुतलेल्या गुच्छावरची परकी शैवाले आणि हायड्रॉइड (झुडपासारखे चिकटून वाढणारे बारीक प्राणी) शक्य तितके वेगळे काढून त्यांचे वजन स्वतंत्र घ्यावे, कारण अनेक ॲम्फिपॉड प्रत्यक्षात यजमानासाठी नव्हे, तर त्याच्यावर माजलेल्या बारीक तंतूंसाठी आलेले असतात. मग यजमान शैवाल ६० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत, बहुधा ४८ तास, सुकवून तोलावे. पात्यांत अडकलेला गाळही गाळून, सुकवून तोलावा. चुनखडीयुक्त शैवालाचे वजन मुख्यतः दगडाचे असते, म्हणून त्याची आणि मऊ शैवालाची तुलना ग्रॅममागे करू नये. तेथे पाण्यात बुडवून मोजलेले घनफळ अधिक न्याय्य ठरते.

आता समजा, भराच्या महिन्यात एका चौरस मीटरवर ४०० ग्रॅम सुके शैवाल आहे आणि ग्रॅममागे ५ प्राणी आहेत. चौरस मीटरवर २,००० प्राणी झाले. झडतीच्या महिन्यात शैवाल ६० ग्रॅमवर आले आणि ग्रॅममागे प्राणी २० झाले. चौरस मीटरवर १,२०० प्राणी झाले. ग्रॅममागचा आकडा सांगतो, वस्ती चौपट झाली. चौरस मीटरमागचा सांगतो, वस्ती ४० टक्क्यांनी घटली. दोन्ही खरे आहेत. प्राणी कमी झालेच, पण घर त्याहून वेगाने आकसले आणि उरलेले उरलेल्या फांद्यांवर दाटले. फक्त ग्रॅममागची घनता छापणारा लेख झडतीच्या महिन्याला ‘बहराचा काळ’ म्हणेल. म्हणून प्रत्येक महिन्यासाठी तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत: ग्रॅममागचे प्राणी, चौरस मीटरमागचे शैवाल आणि चौरस मीटरमागचे प्राणी. घनतेचा आलेख वर जात असताना तिसरा खाली जात असेल, तर ते शैवालाचे पंचांग बोलते आहे. तिन्ही मिळून वर जात असतील, तर प्राण्यांची वीण शोधायला हवी.

वीण आणि वाढ

ती शोधण्यासाठी दोन-तीन भरपूर आढळणाऱ्या जाती निवडाव्यात. प्रत्येक महिन्यात त्यांतील शंभरेक प्राण्यांची लांबी मोजून नर, मादी, अंडी वागवणारी मादी आणि पिल्लू असे गट पाडावेत. अंग वाकडे झालेले असते, त्यामुळे डोक्याची लांबी अधिक भरवशाची. अंडी मोजायची असतील, तर भरलेल्या माद्या किनाऱ्यावरच एकेकीला वेगळ्या कुपीत घालाव्यात, कारण एकत्र बाटलीत पिशव्या उघडून अंडी तळाशी सांडतात. जितके मोजावे तितके थोडे वाटेल, पण अंडी वागवणाऱ्या माद्यांचे प्रौढ माद्यांशी प्रमाण आणि पिल्लांचे एकूण संख्येशी प्रमाण, एवढे दोन आकडे तरी सोडू नयेत. संख्या वाढली आणि त्यासोबत पिल्लांचे प्रमाणही वाढले, तर ती वीण. संख्या वाढली पण आकारांचे प्रमाण तसेच राहिले, तर ती दाटी किंवा बाहेरून झालेली आवक.

प्रत्येक प्राणी मोजणे अशक्य असेल, तर ०.५, ०.७१, १, १.४, २, २.८ आणि ४ मिलिमीटर अशा, प्रत्येक वेळी छिद्र सुमारे १.४ पटींनी वाढणाऱ्या चाळण्यांची उतरंड लावावी. कोणत्या चाळणीवर किती राहिले, यावरून आकारांची वाटणी थेट मिळते. मासे मोठे प्राणी आधी वेचतात, म्हणून लहान माशांची गर्दी होणाऱ्या ऋतूत वरच्या चाळण्या रिकाम्या होत जाताना दिसतात, एकूण संख्या तशी फारशी हललेली नसतानाही.

आकडेमोड

जातींची संख्या थेट ताडून पाहू नये. जेथे अधिक प्राणी मोजले, तेथे अधिक जाती सापडणारच. सर्वांत कमी मोजलेल्या नमुन्याच्या संख्येला सर्व नमुने आणून, म्हणजे विरलीकरण करून, मग तुलना करावी. रचनेच्या तुलनेसाठी ब्रे–कर्टिस निर्देशांक (दोन नमुन्यांतल्या जातींच्या संख्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे सांगणारा आकडा) सोयीचा आहे, पण त्याआधी संख्यांचे चौथे मूळ घ्यावे. १, १६ आणि ६२५ या संख्या त्यामुळे १, २ आणि ५ होतात आणि एकाच जातीची झुंबड सगळे चित्र गिळत नाही. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीतील ‘व्हेगन’ या संचात ही सर्व साधने विनामूल्य मिळतात.

महिन्याला १ ते १२ असा साधा आकडा देऊन समीकरणात घालू नये, कारण त्यात डिसेंबर आणि जानेवारी एकमेकांपासून सर्वांत दूर पडतात. त्याऐवजी वर्षाच्या चक्राचे साइन आणि कोसाइन असे दोन स्तंभ घ्यावेत. आणि सहसंबंधाच्या मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नये: वर्षातून एकदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी बारा बिंदूंवर एकमेकींशी जुळलेल्या दिसतात, मग त्यांच्यात कार्यकारणभाव असो वा नसो. तापमान, दिवसाची लांबी, शैवालाचा भार आणि माशांची पिल्ले हे सगळेच असे चढत-उतरत असतात.

कारण वेगळे काढणे

त्यावर एक उपाय आहे आणि तो अवघड नाही. नायलॉनच्या दोऱ्यांचे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचे, सारख्याच आकाराचे कृत्रिम गुच्छ करून ते प्रत्येक भेटीच्या चार आठवडे आधी खऱ्या शैवालाच्या शेजारी पक्के बांधावेत, त्याच पिशवीने उचलावेत आणि त्याच पद्धतीने धुवावेत. पहिले काही दिवस त्यांच्यावर सूक्ष्मजीवांची साय धरण्यातच जातात, म्हणून दोन-चार दिवसांनी उचललेला गुच्छ कामाचा नाही. कृत्रिम गुच्छाचे घर वर्षभर तेवढेच राहते. ते वाढत नाही आणि झडतही नाही. खऱ्या शैवालावरची संख्या आणि कृत्रिम गुच्छावरची संख्या एकाच महिन्यात वाढली, तर शैवालाच्या वाढीला श्रेय देता येत नाही. शैवाल झडताना कृत्रिम गुच्छावर अचानक गर्दी झाली, तर बेघर झालेले प्राणी तेथे आले, असा अर्थ लागतो. दुसऱ्या वर्षी काही गुच्छांना मासे अडवणारे पिंजरे लावले, तर माशांचा वाटाही तपासता येतो. जाळीमुळे पाण्याचा वेग मंदावतो, म्हणून दोन बाजू उघड्या असलेले पिंजरे तुलनेला ठेवावेत.

दुसरे वर्ष शक्य असेल, तर अवश्य करावे, कारण एकाच वर्षातला पावसाळा किंवा वादळ हे ऋतूचे लक्षण की त्या वर्षाचा अपघात, हे एका वर्षावरून ठरत नाही. मात्र दरम्यान अधिक चांगली चाळणी किंवा पिशवी मिळाली, तरी जुनीच वापरावी. बदलणे टळतच नसेल, तर निदान तीन भेटींत दोन्ही साधनांनी शेजारशेजारचे नमुने घेऊन त्यांच्यातला फरक आधी मोजावा आणि नोंदवहीत तो दिवस लाल शाईने खुणावून ठेवावा.